आत्याबाईंची नाताळची आरास

अख्ख्या काशीत ताठ्याच्या बाबतीत माझ्या आतेसासूबाईंची बरोबरी करील असं एकच कोणी होतं, आणि ती म्हणजे गंगा. पण गंगासुद्धा उन्हाळ्यात पायऱ्या सोडून खाली उतरते. आत्याबाई बारा महिने पुराच्या खुणेवर असत. बरं, ताठा कशाचा? पैशाचा म्हणावा तर मालकीची म्हणून एक लोखंडी ट्रंक आणि विधवेची दोन लाल आलवणं. विद्येचा म्हणावा तर ब्रह्माघाटावरच्या आमच्या गल्लीत वेद मुखोद्गत असलेली माणसं दर उंबऱ्याला सापडत, आणि आत्याबाईंना अक्षरओळखही नव्हती. ताठा होता तो हातांचा. कागद, कैची आणि लई, म्हणजे मैद्याची खळ, एवढं पुढ्यात आलं की त्या कुणालाच मानत नसत. ब्रह्मदेवाने हे जग फार घाईत उरकलं असं त्यांचं स्पष्ट मत होतं. "मोर तेवढा मन लावून केलाय," त्या म्हणायच्या, "बाकी सगळी उरकाउरकी."

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिली समज मला मिळाली ती सासूबाईंकडून नव्हे (त्या बिचाऱ्या कधीच गेल्या होत्या), तर आत्याबाईंकडून, आणि ती कागदाबद्दल होती. पुडीचा कागद फेकायचा नाही, पतंगाचा फाटका कागद तुडवायचा नाही, आणि दिवाळीत आलेल्या मिठाईच्या टोपलीवरचा चकाकता कागद तर मिठाईच्या आधी त्यांच्या हातात द्यायचा. त्यांच्या खाटेखाली एवढे कागद साचलेले असत की पावसाळ्यात ती खाट जराशी उंच होते असा माझ्या नवऱ्याचा दावा होता. एकदा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणाची तरी पत्रिका मांडायला जुनं पंचांग हवं होतं. घरभर शोध झाला. शेवटी पंचांग सापडलं, पण तोरणाच्या रूपात. वैशाखाची कमळं झाली होती, ज्येष्ठाचे पोपट झाले होते आणि सगळा आषाढ देव्हाऱ्यावर झालर होऊन लोंबत होता. मामंजी शांत माणूस. चष्मा लावून एकेक पोपट तपासत ते म्हणाले, "अक्का, यातली शुद्ध एकादशी कुठे गेली?" आत्याबाई कैची न थांबवता म्हणाल्या, "शेपटीत बघ. शेपटीला बारीक अक्षरांचा कागद लागतो."

दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना बघवत नसे. ओळखीपाळखीचा प्रश्न नव्हता. वाटेत कुणाच्या लग्नाचा मांडव दिसला आणि झालर वाकडी असली की त्या सरळ आत शिरायच्या, शिडी मागायच्या आणि चढायच्या. मुलीकडच्यांना वाटे या मुलाकडच्या, मुलाकडच्यांना वाटे मुलीकडच्या, आणि काम संपवून त्या जेवायला न थांबता निघून गेल्या की दोन्हीकडचे हळहळत. आमच्याकडे एका श्राद्धाला तर कहर झाला. ब्राह्मण पानावर बसले, संकल्प सुटायचा तेवढ्यात आत्याबाईंना द्रोणांचे टाके दिसले. "हे द्रोण आहेत का होड्या?" असं म्हणून त्यांनी सगळे द्रोण गोळा केले आणि काडी घेऊन नव्याने टाचायला बसल्या. ब्राह्मण ताटकळले, भात निवला, वर पितर खोळंबले असणार, पण बाईंनी शेवटचा द्रोण गोल करूनच मान वर केली. एक गुरुजी धीर करून म्हणाले, "अक्का, पितरांना चालतं हो थोडं वाकडं." आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या पितरांना नाही चालत."

हा सगळा ताठा वर्षातून एकदा सोन्यासारखा झळाळून उठायचा, तो दत्तजयंतीला. गल्लीतल्या दत्ताच्या देवळात जन्माचा पाळणा सजवण्याचा मान आत्याबाईंचा. कधीपासून, ते कुणाला आठवत नव्हतं. दिवाळी सरली की त्यांचं काम सुरू व्हायचं, आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी पाळण्यावरचा पडदा दूर झाला की साऱ्या देवळातून एकदम जो "अहाहा" निघायचा, त्यावर त्या पुढचं वर्ष काढायच्या. त्या वेळी त्या देवाकडे बघत नसत. खांबाला टेकून लोकांच्या तोंडांकडे बघत.

आता मला माझं थोडं सांगितलं पाहिजे. माझं पहिलं मूल घरातच जन्मलं आणि घरातच गेलं. मीही जवळजवळ गेलेच होते. दुसऱ्या खेपेला सातवा सरतो न सरतो तोच एका सकाळी पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिने हात लावून बघितलं आणि ती हात झटकून बाजूला झाली. छावणीच्या वाटेवर मिशनचा बायकांचा दवाखाना होता, पण आमच्या गल्लीतून तिथे बाळंतपणाला कुणी गेलेलं नव्हतं. नवरा दाराशी उभा, मामंजी ओसरीवर माळ ओढताहेत, आणि कुणीच काही ठरवत नाही. मग आत्याबाई सोवळ्यातून उठल्या. "एकदा तुम्हां सगळ्यांचं ऐकून बघितलं," त्या म्हणाल्या. "आता डोली आण." मामंजी हळूच म्हणाले, "अक्का, गल्लीत बोलतील." "बोलू देत. तोंडं त्यांची, सून आपली." आणि त्या डोलीबरोबर चालत निघाल्या. एका हातात गंगेच्या पाण्याची कळशी, दुसऱ्या हाताने डोलीचा दांडा धरलेला. आतून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते.

दुपारी मुलगी झाली. मुलगी कसली, ओंजळभर जीव. तिथली मोठी डॉक्टरीण गोरी, उंच, पिकल्या केसांची. सगळे तिला मिससाहेब म्हणत. तिने मुलीला हातात घेतलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "रूई चाहिए. बहुत रूई." मुलीला कापसात गुंडाळून ऊब द्यायची होती, आणि लढाईचे दिवस असल्यामुळे दवाखान्यातला कापूस जखमांनाच पुरत नव्हता. आत्याबाईंनी लाख वाती वळून विश्वेश्वराला वाहण्याचा संकल्प सोडला होता. त्यासाठी वेचून पिंजलेला कापूस त्यांनी ट्रंकेत ठेवला होता. तो त्यांनी एका घोड्याचा एक्का पाठवून आणवला आणि सगळाच्या सगळा मिससाहेबांपुढे रिता केला. मी पडल्या पडल्या म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या वाती?" त्या मुलीकडे बघत म्हणाल्या, "ही एक पेटती राहिली की लाख झाल्या."

मुलीचा भरवसा नव्हता आणि माझाही ताप उतरेना, म्हणून आम्हांला तिथेच ठेवून घेतलं. आत्याबाई रोज पहाटे स्नान करून यायच्या, अंगणातल्या निंबाखाली तीन विटांची चूल मांडून माझ्यासाठी मऊ भात करायच्या, आणि मग वॉर्डातल्या खिडकीपाशी आपला पाट टाकून बसायच्या. त्या पाटाभोवती हातभर जागेत कुणी यायचं नाही. वॉर्डात माझ्या डाव्या बाजूला एका विणकराची बायको होती, उजवीकडे वरुणेपलीकडची एक गवळीण. दोघी त्यांना माई म्हणत आणि दुरून नमस्कार करत. नर्सबाई मात्र आमच्या मुलखातली निघाली, नगरकडची ख्रिस्ती मुलगी. इतक्या लांब तिला मराठी ऐकायला मिळत होती, म्हणून ती आत्याबाईंची बोलणीसुद्धा प्रसाद घ्यावा तशी घ्यायची.

अशात दत्तजयंती जवळ आली. दवाखान्याच्या खिडकीत बसून आत्याबाई पाळण्याची तयारी करत होत्या. पतंगवाल्याकडून आणलेल्या रंगीत कात्रणांची फुलं, झाडूच्या हिरांवर ताणलेल्या चांदण्या, बेगडाचे मासे. ट्रंक भरत आली होती. आणि एका सकाळी माझा नवरा आला तो खाली मान घालून. देवळाच्या मंडळींनी मामंजींना निरोप दिला होता. अक्का तिकडे मिशनच्या दवाखान्यात दिवसभर बसतात, तिथलं खाणं-पिणं नसलं तरी वावर आहे, तेव्हा यंदा त्यांनी पाळण्याला हात लावू नये. गल्लीतल्या एका वृद्ध घनपाठी वैदिक गुरुजींनी हे ठरवलं होतं, आणि मामंजी काही बोलले नव्हते.

मला वाटलं, आता आभाळ फाटेल. पण आत्याबाईंनी हातातलं फूल पुरं केलं, ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं. पौर्णिमेला त्या देवळात गेल्या, गर्दीत बायकांच्या मागे उभ्या राहिल्या आणि जन्म झाल्यावर परत आल्या. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "आरास कशी होती?" त्या म्हणाल्या, "चांगली होती." बस, एवढंच. झालर वाकडी नव्हती, रंग भडक नव्हते, काही म्हणजे काही नव्हतं. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवलं नाही, आणि ते ऐकून मी उशीत तोंड खुपसून रडले.

त्यानंतर त्या नुसत्या बसून असायच्या. हात मांडीवर उलटे ठेवलेले. रिकामे हात म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं. आणि एका दुपारी नर्सबाई शिडी घेऊन वॉर्डात आली आणि दोन खिडक्यांच्या मध्ये एक विटकी तांबडी कागदी पट्टी बांधू लागली. तिच्या मधोमध एक पुठ्ठ्याची चांदणी होती, तिचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांना राहवलं नाही.

"नर्सबाई, हे काय चाललंय?"

"नाताळ आलाय, आत्याबाई. दरसाल विलायतेहून मिससाहेबांची पेटी येते, लई झोकदार सामान असतंय. यंदा लढाईपायी जहाजच नाही आलं. म्हणून आहे ते लावते."

"सण आहे का सुतक? आणि जन्म कुणाचा म्हणालीस?"

नर्सबाई शिडीवरच बसली आणि तिने सगळी गोष्ट सांगितली. परगावी निघालेली ती दोघं, बाई दिवस भरलेली, धर्मशाळेत जागा नाही, गावात जागा नाही. आत्याबाईंच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"म्हणजे अवघडलेली बाई दारात उभी आणि कुणी आत घेतलं नाही?"

"नाही घेतलं."

"अख्ख्या गावात?"

"होय."

"त्या गावात कुणाची आतेसासू नव्हती?"

नर्सबाईने खरोखर विचार केला. "पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, आत्याबाई."

"मग बाळंत झाली कुठे?"

"गोठ्यात. बाळाला गव्हाणीत निजवलं. गवतावर."

"मऊ तरी होतं का गवत?"

"असेल की."

माझी मुलगी कापसातून कुरकुरली, तशी तिच्यावर एक नजर टाकून आत्याबाई नर्सबाईकडे वळल्या. "ती पट्टी काढ आधी," त्या म्हणाल्या. "त्या पोराच्या जन्माला गोठा होता तो होता. आता तुझ्या मिससाहेबाचं एवढं मोठं घर आहे, आणि तिथे ही लक्तरं? माझी ट्रंक आण इकडे." ट्रंक आली. झाकण उघडलं आणि वॉर्डातल्या बायका एकदम उठून बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, हे दत्तासाठी केलेलं." त्या म्हणाल्या, "जन्मोत्सवासाठी केलेलं. जन्मोत्सवालाच लागतंय."

पण ट्रंकेतल्या सामानाने एवढा लांबरुंद वॉर्ड सजणार नव्हता. मग जे सुरू झालं ते मी माझ्या खाटेवरून बघितलं आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. विकत आणायला बाजारात काही नव्हतंच. लढाईने कागद महाग केला होता. आत्याबाईंनी घरून गेल्या सगळ्या सालांची पंचांगं आणवली आणि त्यांच्या पट्ट्या कापून, कड्यात कडी अडकवून साखळ्या करायला सगळ्यांना बसवलं. विणकराच्या बायकोने घरून जरीच्या दोऱ्यांची तुटकी टोकं मागवली. मागावर ती फुकटच जायची, इथे त्यांचे गोंडे झाले. गवळणीचा नवरा मातीचे पुरवे घेऊन आला. चहा पिऊन फेकतात तेच. आत्याबाईंनी ते गेरूने रंगवले, ओल्या गेरूवर अभ्रकाची पूड भुरभुरवली, बुडाला भोक पाडून आत दोऱ्याला खडा बांधला, आणि उलटे टांगल्यावर त्यांच्या घंटा झाल्या. वाजायच्याही, जरा दमेकऱ्यासारख्या. नर्सबाई म्हणाली, देवदूत पाहिजेत, पांढरे, पंखवाले. आत्याबाईंनी पळसाच्या पानांचे झगे केले, कापसाची डोकी केली आणि कागदाचे पंख लावले. त्यांतला एक देवदूत जरा पोटाशी सुटला, आणि हुबेहूब त्या घनपाठी गुरुजींसारखा दिसू लागला. मी ते बोलून दाखवलं. "दिसू दे," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला चांगला उंच टांगा. गल्लीत बसून माझा वावर ठरवतो, इथे लटकून बघू दे."

सुरुवातीला त्या पाटावरून कळकाच्या काठीने हुकूम सोडत. ही कडी मोठी झाली, ती फाड, तो गोंडा आहे का शेंडी. कुणी जवळ आलं की काठी आडवी. पण लांबून काही लई लावून दाखवता येत नाही. गवळणीला घडी जमेना तेव्हा आत्याबाई काठी टाकून उठल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून त्यांनी घडी घातली. गवळण विटाळाला घाबरून मागे सरली. "माई, छुआ जाई!" "हो जाने दे," आत्याबाई म्हणाल्या, "शाम को गंगा है ना." पुढे तो पाट खिडकीपाशी तसाच राहिला आणि त्या खाटांमधून फिरू लागल्या. जिचं काम त्यांनी उसवून परत करायला लावलं नाही अशी एक बाई त्या वॉर्डात उरली नाही, आणि तरी रोज सकाळी सगळ्याजणी त्यांची वाट बघत.

झाडाचाही प्रश्न होता. सुईसारख्या पानांचं, टोकाला निमुळतं झाड हवं, असं नर्सबाईने सांगितलं. आत्याबाईंनी गल्लीच्या घाटावरून होडी केली आणि त्या पलीकडच्या वाळवंटात गेल्या. तिथे झाऊची झुडपं वाढतात, पिसासारखी भुरभुरीत. त्यांतलं एक उंच निवडून, मल्लाहाकडून, म्हणजे नावाड्याकडून, तोडवून त्यांनी ते होडीत उभं धरलं. मल्लाहाने विचारलं, "माई, ई झाऊ का होई?" "पूजा में लगेगा." "कौन पूजा?" "जनम की." घराच्या घाटावर बघणारे फार, म्हणून त्या मुन्शी घाटाला उतरल्या आणि तिथून एक्क्यात झाड घालून आल्या. उतरल्या तेव्हा एक्केवालाच जास्त ऐटीत होता. जणू नवरदेव आणलाय.

आता बर्फ. विलायतेत नाताळात बर्फ पडतो, तो झाडावर दिसला पाहिजे, असं नर्सबाई म्हणाली. तिने स्वतः बर्फ पाहिलेला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "कैलासावर असतं तेच ना? मग मला माहीत आहे." आणि उरलासुरला कापूस त्यांनी इतका विरळ पिंजून झाऊवर टाकला की वाऱ्याने तो हलायचा. तेवढ्यात मिससाहेब फेरीला आल्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्या थबकल्याच. मग त्या आत्याबाईंसमोर जमिनीवर बसल्या, एक पांढरा कागद घेतला, घडीवर घडी घातली, कैची मागितली. आत्याबाई आपली कैची कुणाला देत नसत. त्यांनी ती दिली. मिससाहेबांनी कडेने चार-दोन कात्र्या मारल्या आणि घडी उलगडली तर सहा पाकळ्यांचं एक नाजूक जाळीदार फूल. "बरफ," त्या म्हणाल्या. "मेरी माँ बनाती थी."

आत्याबाईंनी ते फूल उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता यायचं नाही. इतकी वर्षं कागद कापून त्यांना ही घडी माहीत नव्हती. त्यांनी दुसरा कागद काढला, मिससाहेबांपुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाल्या, "फिर से. धीरे." त्या संध्याकाळी दोघी पिकल्या डोक्याच्या बायका गुडघ्याला गुडघा लावून कागद कापत बसल्या होत्या. एकीची आई समुद्रापलीकडे गेलेली, दुसरीची कधीच या गंगेत. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी कापलेल्या बर्फाच्या प्रत्येक पाकळीत एकेक पोपट होता. मिससाहेब हसत हसत म्हणाल्या, बर्फात पोपट नसतो. आत्याबाई म्हणाल्या, "काशी के बरफ में होता है."

नाताळच्या दिवशी छावणीतले गोरे लोक फळांच्या टोपल्या घेऊन वॉर्ड बघायला आले. छताखालून पंचांगांच्या साखळ्या, मधूनमधून बेगडाचे मासे, खिडक्याखिडक्यांत जरीच्या गोंड्यांच्या चांदण्या, मध्ये झाऊ आणि त्याखाली खऱ्या गवतावर मातीचं बाळ. एका मडमेने विचारलं म्हणे, हे कलकत्त्याच्या कुठल्या दुकानातून मागवलं? नर्सबाईने ते मराठीत आत्याबाईंना सांगितलं. खांबाला टेकून लोकांची तोंडं बघत उभ्या असलेल्या आत्याबाई एवढ्या ताठ झाल्या की मला वाटलं आता मागे पडतील. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "दुकानात मिळत नाही म्हणावं."

ती मंडळी गेल्यावर दाराशी कुणीतरी खाकरलं. मामंजी होते. मुलगी झाल्यापासून ते दवाखान्याच्या फाटकातही आले नव्हते. आता पायांतल्या खडावा हातात धरून उंबऱ्याबाहेर उभे. त्यांनी वर बघितलं. एका साखळीवरची तिथी वाचली, मग दुसरीवरची. त्यांचे डोळे फिरत फिरत त्या ढेरपोट्या देवदूतावर जाऊन थांबले, आणि मामंजी, जे कधी मोठ्याने हसले नव्हते, ते हसले. "अक्का," ते म्हणाले, "यंदा देवळात पाळणा उघडा-उघडा वाटला. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"ते पाळण्याचं मग बघू," आत्याबाई म्हणाल्या. "आधी आत ये. नात बघ तुझी. माझ्या हातचं नाही म्हणून सांगते, पण काम झकास झालंय."

मामंजी आत आले. मुलीने त्यांचं बोट धरलं, तेव्हा ते तिथेच खाटेच्या कडेवर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढल्या वर्षी पाळण्याचा मान परत आला. त्याचं श्रेय मामंजींना. ते देवळात सर्वांसमोर उभे राहून बोलले, आणि घनपाठी गुरुजींचीच नात त्या वैशाखात मिससाहेबांच्या हातून सुखरूप बाळंत झाली होती, हेही होतं. आत्याबाईंनी मग दोन्ही सांभाळलं. मार्गशीर्षात दत्ताचा पाळणा, आणि तो उतरला की एक्क्यात ट्रंक टाकून दवाखाना. लढाई संपली, विलायतेच्या पेट्या पुन्हा येऊ लागल्या, पण त्या पेट्या उघडायला मिससाहेबांना सवड होत नसे. माझी मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आत्याबाईंकडून बोलणी खायला लागली.

आत्याबाई गेल्या त्या एका भाद्रपदात, अगदी थोड्या तापाने. दिवस झाले, माणसं पांगली, आणि एका दुपारी नर्सबाई आमच्या गल्लीत आली. ती इतक्या वर्षांत कधी आमच्या घरी आली नव्हती. बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि यायचं तिला. दाराबाहेर उभी राहून ती म्हणाली, "इथूनच भेटून जाते." मामंजी फार थकले होते तेव्हा, पण भिंत धरून स्वतः उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "असं दारातून जायचं नाही, बाळ. आत ये."

ती आत येऊन बसली. मी पाणी दिलं. मुलगी तिच्या मांडीवर जाऊन बसली. डोळे पुसून नर्सबाई म्हणाली, "यंदा वॉर्डाचं कोण करणार?"

मी म्हटलं, "मी येते."

मला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. पण गेले.